इंदूर: रस्ता अपघातातली दुखापत आणि भरपाईचा दावा – कागद कोणते, रक्कम कशी निघते, कुठे अडतं

क्लेमकागद

अपघात झाला की घरचे दवाखान्याकडे धावतात, आणि तेच बरोबर आहे. पण भरपाई किती मिळेल हे बऱ्याच अंशी पहिल्या तीन महिन्यांत तयार झालेल्या कागदांवर ठरतं. नेमका त्याच काळात कागदांकडे बघायला घरात कुणी मोकळं नसतं. पुढे पेशीला (सुनावणीला) उभं राहिल्यावर कळतं की दवाखान्यातल्या एका ओळीमुळे दावा लंगडा झालाय. म्हणून क्रमाने लिहितो. विषय मोटार अपघातापुरताच ठेवतो.

पहिला कागद म्हणजे एमएलसी. एमवायला (इंदूरच्या सरकारी दवाखान्यात) न्या किंवा खासगी दवाखान्यात, अपघाताचा पेशंट आला की डॉक्टर मेडिको-लीगल नोंद करतात आणि ठाण्याला कळवतात. त्या नोंदीत 'अपघात कसा झाला' असा रकाना असतो आणि पेशंटला आणणारा जे सांगेल ते तिथे लिहिलं जातं. घाबरलेला शेजारी 'बाइक फिसल गई' म्हणाला की तेच शब्द उतरतात. सहा महिन्यांनी विमा कंपनीचा वकील तीच ओळ वाचून दाखवतो: दुसरं वाहन नव्हतंच, हा स्वतःच पडला. म्हणून सोबत कुणी शुद्धीवर असेल तर त्याने स्पष्ट सांगावं, कोणत्या वाहनाने धडक दिली, कुठून दिली, नंबर दिसला का. नंबर दिसला नसेल तर 'नंबर माहीत नाही' एवढंच सांगा. अंदाजाने सांगितलेला नंबर दाव्याला सगळ्यात जास्त मारतो.

दुसरा कागद एफआयआर. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे निष्काळजी वाहन चालवण्याला कलम 281, दुखापतीला 125, मृत्यूला 106 लागतं. उपचारामुळे एफआयआर उशिरा झाली तर दावा त्यामुळेच बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात तसं स्पष्ट म्हटलंय. पण उशिराचं कारण एफआयआरमध्येच लिहून घ्या: अमुक तारखेपर्यंत आयसीयूत होते, घरात दुसरा कर्ता माणूस नव्हता. कारण नंतर तोंडी सांगितलं तर त्याचं वजन कमी होतं.

तिसरी गोष्ट कुणी सहसा करत नाही. समोरच्या वाहनाचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकून विम्याची माहिती त्याच आठवड्यात बघा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. अपघाताच्या दिवशी आणि त्या वेळी पॉलिसी चालू होती की नाही, इतकंच महत्त्वाचं असतं. अपघातानंतर घाईने काढलेली पॉलिसी त्या अपघाताला लागू होत नाही.

आता पोलिसांकडचं काम. 1 एप्रिल 2022 पासूनच्या केंद्रीय नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल 48 तासांत अधिकरणाला, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायालयाला, द्यायचा असतो, अंतरिम अहवाल 50 दिवसांत आणि सविस्तर अहवाल, म्हणजे डीएआर, 90 दिवसांत. जखमीला किंवा वारसांना 10 दिवसांच्या आत फॉर्म 2 मिळायला हवा. त्यात तुमचे हक्क लिहिलेले असतात. तुम्ही भरायचा तो फॉर्म 6, मुदत 60 दिवस. उत्पन्न, घरातली माणसं, उपचार, खर्च हे सगळं त्यातच जातं. हा फॉर्म कोरा किंवा अर्धवट राहिला की डीएआर पोकळ निघतो आणि कंपनीची ऑफर त्याच पोकळ आकड्यांवर येते. ठाण्यातून कुणी फॉर्म दिला नाही तर लेखी मागा आणि अर्जावर आवक शिक्का घ्या.

राजेंद्रनगरी

दादा, दावा टाकायच्या मुदतीबद्दल दोन वेगवेगळ्या गोष्टी ऐकू येतात. कुणी सहा महिने म्हणतं, कुणी म्हणतं मुदतच नाही. खरं काय?

क्लेमकागद

दोघंही आपापल्या काळापुरते बरोबर आहेत. मोटार वाहन कायद्यातल्या 1994 च्या दुरुस्तीने मुदत काढून टाकली होती. 2019 च्या दुरुस्तीने कलम 166(3) मध्ये सहा महिन्यांची मुदत परत आणली आणि ती 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की आव्हानाचा निकाल लागेपर्यंत केवळ उशिरा आले म्हणून दावे फेटाळू नयेत. तरी माझं कळकळीचं सांगणं आहे, सहा महिन्यांची तारीख पक्की धरा. अंतरिम आदेश कायमचा नसतो.

डीएआर अधिकरणात गेला की तोच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो, हेही खरं. पण डीएआर वेळेत आणि पूर्ण येईल या भरवशावर स्वतःचा अर्ज थांबवू नका.

यापेक्षाही मोठा धोका पुढे आहे. कलम 164 प्रमाणे कुणाची चूक हे सिद्ध न करता ठरावीक रक्कम मिळते: मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. फ्रॅक्चर हे कायद्याने गंभीर दुखापतीतच येतं. ऐकायला बरं वाटतं, पण 166 च्या, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून अधिकरणात दावा करायच्या कलमाच्या, पहिल्या परंतुकाच्या पाठोपाठ एक अट बसवलेली आहे: कलम 149 च्या पद्धतीने, म्हणजे कंपनीच्या अधिकाऱ्यामार्फत, 164 ची रक्कम स्वीकारली तर अधिकरणातला दावा संपतो. कमावता माणूस गेलाय, 166 खाली 35-40 लाख होऊ शकतात, आणि घरचे 5 लाखांच्या कागदावर सही करून मोकळे होतात. कंपनीचा माणूस घरी येईल, चांगलं बोलेल, 'लवकर मिळेल' म्हणेल. तो कागद घेऊन ठेवा आणि हिशोब झाल्याशिवाय सही करू नका.

164 केव्हा उपयोगी पडतं, तर समोरच्याची चूक सिद्धच होत नसेल तेव्हा.

लेखाजोखा

हिशोब मी मांडतो. लोकांना वाटतं न्यायाधीश मनाने आकडा टाकतात. तसं नाही, पद्धत ठरलेली आहे. सरला वर्मा निकाल 2009 चा आणि प्रणय सेठी हा पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा 31 ऑक्टोबर 2017 चा. देशातल्या प्रत्येक अधिकरणात हेच दोन चालतात.

मृत्यूचं उदाहरण घेऊ. वय 38, सियागंजमध्ये स्वतःचं छोटं दुकान, महिना 20,000 सिद्ध झाले. मागे बायको, दोन मुलं, आई.

स्वतःचा धंदा आणि वय 40 च्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के जोडायचे: 28,000. मागे चार आश्रित आहेत, म्हणून मयताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा: 21,000. वर्षाचे 2,52,000. वय 36 ते 40 ला गुणक (वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा) 15. झाले 37,80,000. याशिवाय सहवास गमावल्याबद्दल प्रत्येकी रक्कम आहे. 2017 मध्ये ती 40,000 ठरली, दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढ, म्हणजे दोन वाढींनंतर 48,400. पत्नी, दोन मुलं, आई असे चौघे: 1,93,600. मालमत्तेची हानी 18,150 आणि अंत्यविधी 18,150. एकूण 40,09,900. वर दावा दाखल केल्या तारखेपासून व्याज, बहुतेक 6 ते 9 टक्क्यांच्या दरम्यान.

गुणक असे: वय 15-25 ला 18, 26-30 ला 17, 31-35 ला 16, 36-40 ला 15, 41-45 ला 14, 46-50 ला 13, 51-55 ला 11, 56-60 ला 9, 61-65 ला 7, त्यापुढे 5. वजावट: आश्रित दोन-तीन असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, सहाच्या वर एक पंचमांश. अविवाहित असेल तर साधारण अर्धं. अविवाहित मुलगा गेला तर गुणक मुलाच्या वयाचाच लागतो, आईवडिलांच्या वयाचा नाही. ही चूक अजूनही होते, अर्ज टाइप होतानाच तपासा.

भविष्यातली वाढ कायम नोकरी असेल तर 40 च्या आत 50 टक्के, 40 ते 50 ला 30, 50 ते 60 ला 15. स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असेल तर हेच 40, 25 आणि 10.

म्हणजे सगळा डोलारा महिन्याच्या उत्पन्नावर उभा आहे. वरच्याच उदाहरणात 20,000 ऐवजी 12,000 धरले गेले तर मुख्य रक्कम 22,68,000 वर येते. पंधरा लाखांचा फरक एका कागदाचा.

छत्रीबाग

आणि कागदच नसेल तर? आपल्याकडे शिवणकाम, डबे, पोळी-भाजी केंद्र असं कितीतरी जणी घरून चालवतात. रिटर्न कुणीच भरत नाही. आणि ज्या फक्त घर सांभाळतात त्यांचं काय धरतात?

लेखाजोखा

छत्रीबागताई, प्रश्न महत्त्वाचा आहे. रिटर्न असेल तर उत्तमच, पण अपघाताच्या आधी भरलेलं हवं. नंतर भरलेल्या रिटर्नकडे अधिकरण संशयानेच बघतं. रिटर्न नसेल तर बँक पासबुकातली नियमित जमा, यूपीआयचा इतिहास, कापड-किराण्याची खरेदीची बिलं, गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी, आणि दोन कायमचे गिऱ्हाईक साक्षीला. यातलं काहीच नसेल तर किमान वेतन धरतात, अपघाताच्या तारखेचं. हे दर मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचं कार्यालय जाहीर करतं आणि ते कार्यालय इंदूरलाच आहे. दर अकुशल, अर्धकुशल, कुशल असे वेगळे असतात. शिवणकाम करणारी, गवंडी, ड्रायव्हर यांना अर्जात 'मजूर' लिहिलं की अकुशलचा दर बसतो. तेव्हा कामाचं नेमकं नाव लिहा, शक्य असल्यास त्या कामाचा पुरावा जोडा.

गृहिणीच्या कामाचं आर्थिक मोल धरलं जातं आणि त्यावर भविष्यातली वाढही जोडली जाते. सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2021 चा कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स निकाल याच मुद्द्यावर आहे. 'ती काही कमवत नव्हती' हे वाक्य घरच्याच माणसाने साक्षीत बोललं की नुकसान होतं, आणि ते खरंही नसतं. शिवण, डबे वेगळे असतील तर ते उत्पन्न घरकामाच्या मोलाव्यतिरिक्त मागा.

हाडांचा_डॉक्टर

जिवंत राहिलेल्या जखमींच्या दाव्यात सगळं अडतं ते टक्क्यांवर. त्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे डॉक्टरही गोंधळ करतात.

टक्के तीन प्रकारचे असतात. पहिला एका अवयवाचा: उजवा पाय 40 टक्के. दुसरा पूर्ण शरीराचा, जो त्याहून बराच कमी निघतो. तिसरा, ज्यावर पैसे ठरतात, तो म्हणजे कमाईची क्षमता किती गेली. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक उलगडून सांगितलाय. डॉक्टरने सांगायचं ते शारीरिक अपंगत्व. कमाईवर त्याचा परिणाम किती हे अधिकरण ठरवतं, माणसाचं काम बघून.

लेखाजोखांच्या पद्धतीने बघा: वय 32, डिलिव्हरीचं काम, महिना 15,000. 40 टक्के वाढ धरून 21,000, वर्षाचे 2,52,000, गुणक 16, म्हणजे 40,32,000. जखमीच्या दाव्यात स्वतःच्या खर्चाची वजावट होत नाही. आता कमाईचं नुकसान 20 टक्के धरलं तर 8,06,400. 40 धरलं तर 16,12,800. गुडघा वाकत नाही, दुचाकी चालवणं बंद, म्हणून 60 धरलं तर 24,19,200. तोच गुडघा बसून हिशोब लिहिणाऱ्याचा असेल तर 20 सुद्धा कदाचित जास्त वाटतील. पाय तोच, काम वेगळं.

म्हणून सर्टिफिकेट घेताना 'उजवा पाय 40%' एवढ्यावर थांबू नका. डॉक्टरांना सांगून हे लिहून घ्या: सांधा किती अंश वाकतो, पाय किती सेंटिमीटर आखूड झाला, मांडी घालून बसता येतं का, जिना चढता येतो का, वजन उचलता येतं का, किक मारता येते का. असं वाक्य अधिकरणाला थेट वापरता येतं.

सर्टिफिकेट कधी घ्यायचं? हाड जुळून फिजिओथेरपी संपल्यावर, सुधारणा थांबल्यावर. प्लॅस्टर उतरताच घेतलेलं सर्टिफिकेट 'तात्पुरतं' म्हणून बाजूला पडतं. शक्यतो मेडिकल बोर्डाचं घ्या, नाहीतर ज्याने ऑपरेशन केलं त्या डॉक्टरचं. कोर्टाच्या आवारात ज्याने पेशंटला आधी कधी तपासलंच नाही अशा माणसाचं सर्टिफिकेट मिळत असेल तर लांब राहा. उलटतपासणीत पहिलाच प्रश्न येतो, उपचार तुम्ही केले का? आणि डॉक्टर साक्षीला आले नाहीत तर कागद हातात असून उपयोग नाही. डॉक्टरांना कोर्टाचा समन्स काढून बोलवा. बरेच डॉक्टर समन्स असला की येतात, तोंडी विनंतीवर येत नाहीत.

जपून ठेवायचं: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट्स, इम्प्लांटचे स्टिकर, पहिला आणि शेवटचा दोन्ही एक्स-रे. बिलं मूळ, आणि प्रत्येक औषधाच्या बिलाला चिठ्ठी जोडलेली. चिठ्ठीशिवायची बिलं कापली जातात. प्लेट-रॉड पुढे काढायची असेल तर अंदाजे खर्च लेटरहेडवर आताच लिहून घ्या, तो 'भविष्यातला उपचार' म्हणून मिळतो. घरच्या माणसाने सेवा केली तरी सेवेकऱ्याचा खर्च मागता येतो. बायकोने नोकरीवरून रजा घेतली असेल तर रजेचा दाखला ठेवा.

नर्मदाकाठ

डॉक्टरसाहेब, पहिल्या काही दिवसांच्या बिलाचं काय? खासगी दवाखाना आधी पैसे भरायला लावतो.

हाडांचा_डॉक्टर

रस्ता अपघातग्रस्तांसाठी केंद्राची विनारोकड उपचार योजना मे 2025 मध्ये अधिसूचित झाली आहे. अपघाताच्या तारखेपासून 7 दिवसांपर्यंत, प्रति व्यक्ती दीड लाखापर्यंत, नेमलेल्या दवाखान्यांत. 112 वर फोन केला तर जवळचा नेमलेला दवाखाना विचारा. भरती होतानाच काउंटरवर 'रस्ता अपघात' म्हणून नोंद मागा. पेशंटला आणणाऱ्या परक्या माणसाला कलम 134अ चं संरक्षण आहे. त्याच्यावर खटल्याची जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्ती करता येत नाही. हे लोकांना माहीत असायला हवं. बायपासवर पडलेल्या माणसाजवळ गाड्या थांबत नाहीत, त्याला ही भीतीच कारण असते.

विमा_सर्व्हे

आता कंपनीच्या बाजूने काय काय येतं ते सांगतो, म्हणजे तयारीत राहाल.

लायसन्स. चालकाचं लायसन्स खोटं, संपलेलं किंवा चुकीच्या वर्गाचं निघालं तर कंपनी हात वर करते. तरी तिसऱ्या व्यक्तीच्या बाबतीत बहुतेक वेळा आदेश असतो की कंपनीने आधी जखमीला द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं. स्वर्णसिंग निकाल, 2004. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने ठरवलंय की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही. छोटा हत्ती, मॅजिक अशा गाड्यांचे वाद त्याने बरेच मिटले.

मागे बसलेला. हे सगळ्यांनी आज घरातल्या दुचाकीची पॉलिसी काढून बघावं. मालकाच्याच चुकीने गाडी घसरली आणि मागे बसलेली बायको जखमी झाली, तर पॉलिसी 'पॅकेज' म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर भरपाई मिळते. फक्त थर्ड पार्टी असेल तर कंपनी देत नाही. समोरच्या गाडीची चूक असेल तर मात्र त्या गाडीच्या थर्ड पार्टीतूनच मिळतं, तुमची पॉलिसी कोणतीही असो.

स्वतः मालक-चालक. स्वतःच्याच चुकीने जखमी झालात तर 166 खाली काही नाही. 15 लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा असेल तर तोच आधार, आणि तो मृत्यू किंवा ठरावीक मोठं अपंगत्व यांपुरता.

ट्रॉली. लग्नाला, देवदर्शनाला ट्रॅक्टर-ट्रॉलीत किंवा मालवाहू पिकअपमध्ये माणसं भरून नेतात. मालवाहू गाडीत फुकट बसलेला प्रवासी विम्यात येत नाही. ट्रॉली उलटली की वीस घरं उघड्यावर पडतात आणि पैसे द्यायला एकटा शेतकरी मालक उरतो. हे बघून जीव तुटतो, आणि यावर कोर्टात फार उपाय नाही, आधीच टाळण्यासारखं आहे.

सहनिष्काळजीपणा. हेल्मेट नव्हतं, तिघं बसले होते, असं म्हणून 20-30 टक्के कापायला सांगतात. तिघं बसले म्हणजे आपोआप चूक होत नाही. त्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे कंपनीने दाखवावं लागतं, असं 2020 च्या मोहम्मद सिद्दिकी निकालात आहे. पाय मोडलेल्याला हेल्मेटवरून कापणं तर अगदीच गैर. मात्र नक्शा-मौका (पोलिसांनी काढलेला घटनास्थळाचा नकाशा) तुमच्या विरुद्ध असेल, रॉंग साइडला गाडी दाखवली असेल, तर कपात होते. नक्शा-मौका चालानासोबत, म्हणजे दोषारोपपत्रासोबत येतो. तो आला की लगेच बघा, चूक असेल तर तेव्हाच हरकत लिहून द्या. आणि दोन वाहनांच्या चुकीत तिसरा सापडला, उदाहरणार्थ सिटी व्हॅनमधला प्रवासी, तर तो दोघांपैकी कुणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो.

एबी_रोड

पुण्याला, नाशिकला, शिर्डीला जाताना अपघात झाला तर? आपली निम्मी मंडळी मुंबई-आग्रा रस्त्यावरच असतात. धुळ्याला जाऊन केस लढायची का?

क्लेमकागद

नाही. कलम 166(2) प्रमाणे अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे, यांपैकी कुठेही दावा टाकता येतो. तुम्ही इंदूरला राहता, तर इंदूरच्या अधिकरणात. गणपती घाटात झाला तरी, तो धार जिल्ह्यात आहे म्हणून धारला जायची सक्ती नाही. आधार, मध्य प्रदेश सरकारची समग्र आयडी किंवा वीज बिल, राहण्याचा पुरावा म्हणून जोडा. घरातल्या दोघांनी दोन शहरांत अर्ज टाकू नका. जिथे पहिला अर्ज पडला तिथेच सगळं आणलं जातं आणि त्यात वेळ जातो.

महाराष्ट्रातल्या अपघातात अडतं ते दोन ठिकाणी. एक, तिथल्या पोलिसांचा पंचनामा, जबाब मराठीत असतात आणि इथलं कामकाज हिंदीत चालतं. तुम्हाला मराठी येतं म्हणून चालत नाही, हिंदी अनुवाद जोडावा लागतो. तो सुरुवातीलाच जोडा. दोन, प्रमाणित नकला. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, वाहनाची यांत्रिक तपासणी, चालकाचं लायसन्स, आरसी, पॉलिसी, पीएम (शवविच्छेदन) किंवा इजा अहवाल, आणि दोषारोपपत्र. सगळ्याची प्रमाणित नक्कल तिथल्या न्यायालयातून एकदाच घ्या, दोन संच. सारखं धुळ्याला जाणं कुणाला परवडत नाही.

नर्मदाकाठ

गाडी पळून गेली, नंबरच मिळाला नाही तर?

क्लेमकागद

तेव्हा कलम 161 ची हिट अँड रन योजना: मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार. अर्ज अधिकरणात करायचा नसतो. तो त्या भागाच्या एसडीएम किंवा तहसीलदाराकडे फॉर्म 1 मध्ये करायचा, सोबत एफआयआर, पीएम किंवा इजा अहवाल, ओळखपत्रं, पासबुक आणि हमीपत्र. त्यांनी महिन्याभरात अहवाल द्यायचा, कलेक्टरने 15 दिवसांत मंजुरी, त्यानंतर 15 दिवसांत जनरल इन्शुरन्स कौन्सिलकडून खात्यात पैसे. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सांगितलंय की महिन्याभरात वाहन सापडलं नाही तर पीडितांना या योजनेची लेखी माहिती द्या. नंतर वाहन सापडलं आणि नियमित दावा मंजूर झाला तर ही रक्कम परत करावी लागते.

पैसे मिळावेत म्हणून ओळखीच्या कुणाची विमा असलेली गाडी पुढे करायचा सल्ला देणारे भेटतील. तो गुन्हा आहे. गाडीवरच्या धडकेच्या खुणा, एमएलसीतली वेळ, फोनचं लोकेशन यातून उघडा पडतो, आणि मग खरा जखमी आरोपी होतो.

राजेंद्रनगरी

विमाच नसलेली ई-रिक्षा असेल तर?

विमा_सर्व्हे

मग मालक आणि चालक स्वतः जबाबदार. यात दोन कामं लगेच करा. गाडी ठाण्यातून सुपुर्दनाम्यावर (मालकाने हमी लिहून देऊन) सुटण्याआधी न्यायालयात अर्ज द्या की सुरक्षा रक्कम भरल्याशिवाय सोडू नये. गाडी एकदा सुटली की हाती काहीच राहत नाही. दुसरं, निकालानंतर पैसे दिले नाहीत तर कलम 174 खाली अधिकरणाकडून वसुलीचं प्रमाणपत्र घ्या, कलेक्टर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखं वसूल करतात.

इथे एक सूचना गाडी विकणाऱ्यांना. गाडी विकली, पैसे घेतले, आरसी मात्र तुमच्या नावावर, तर अपघाताच्या दिवशी कायद्याने मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा नवीनकुमार निकाल आहे. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 ची सही घेऊन थांबू नका, नाव बदलल्याचं एम-परिवहनवर दिसेपर्यंत पाठपुरावा करा.

छत्रीबाग

वकिलांच्या फीबद्दल कुणीच बोलत नाही. 'मिळाले तर पंचवीस टक्के द्या' असं चालतं का?

क्लेमकागद

ताई, चालत नाही. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत मना आहे. फी आधी ठरवा, लेखी, पावतीसह. सही केलेला कोरा चेक किंवा पासबुक-एटीएम कुणालाही देऊ नका. 2025 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई थेट बँक खात्यात जमा करण्याबद्दल निर्देश दिलेत, तेव्हा खातं फक्त दावेदाराच्या नावाचं असावं.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण, फोन 15100. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

लोक अदालतीबद्दलही सांगतो. तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही. बोलणी सुरू व्हायच्या आधी लेखाजोखांच्या पद्धतीने स्वतःचा आकडा कागदावर काढून खिशात ठेवा. 40 लाखांच्या दाव्यात 32 ला आज तयार व्हायचं की पुढची वर्षं लढायचं, हा निर्णय घरच्यांचा, आणि 32 चुकीचाच असतो असं नाही. पण आकडा माहीत नसताना 14 ला हो म्हणणं मोठं नुकसान आहे.

लेखाजोखा

मंजूर रकमेबद्दल एक-दोन गोष्टी राहिल्या. एलआयसीचे पैसे भरपाईतून कापता येत नाहीत. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कमही कापू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये ठरवलंय. इथल्या अधिकरणावर तो बंधनकारक नाही, तरी वकिलांनी जरूर दाखवावा. त्यामुळे मेडिक्लेमला मूळ बिलं देण्याआधी त्यांच्या शिक्क्यासह प्रती मागून घ्या.

रकमेचा मोठा भाग अधिकरण मुदत ठेवीत ठेवायला सांगतं, विशेषतः मुलांचा वाटा. ऑपरेशन, शाळेची फी, घराची दुरुस्ती अशा कारणाने मुदतीआधी काढता येते. कोटेशन किंवा फीची पावती जोडून त्याच अधिकरणात अर्ज द्यायचा. बँक मॅनेजरशी भांडून काही होत नाही, त्याला आदेशच लागतो.

एबी_रोड

आणि रक्कम कमी वाटली तर?

क्लेमकागद

निकालाच्या तारखेपासून 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील, आपल्यासाठी एमजी रोडवरचं इंदूर खंडपीठ. वादातली रक्कम एक लाखाच्या वर हवी. कंपनी किंवा मालक अपिलात गेला तर त्याला आधी 25,000 किंवा मंजूर रकमेच्या निम्मे, यातलं जे कमी असेल ते भरावं लागतं. अपील केलं म्हणून आदेश आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. तेव्हा कंपनी नुसतं 'अपील केलंय' म्हणत असेल तर स्थगितीचा आदेश दाखवा म्हणा, नसेल तर वसुलीचा अर्ज पुढे रेटा. निकालाची प्रमाणित नक्कल पहिल्याच आठवड्यात मागा. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वगळतात, पण ते तुम्ही अर्ज केल्यापासूनचेच.

आणि जखमी माणूस दावा चालू असताना दुसऱ्याच कारणाने वारला, तरी 166(5) प्रमाणे वारसांना दावा पुढे नेता येतो. केस बंद झाली असं समजून पेशीला जाणं सोडू नका. वारसांची नावं दाखल करायचा अर्ज पुढच्याच तारखेला द्या.

नर्मदाकाठ

मोटार नसलेल्या दुखापतींचं? विजेची तार पडली, असं?

क्लेमकागद

त्याचा वेगळा धागा काढतो, विषय मोठा आहे. तोवर एवढं: तुटलेल्या तारेच्या धक्क्याने मृत्यू झाला तर वीज मंडळाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, जबाबदारी त्यांच्यावर येतेच. सर्वोच्च न्यायालयाचा 2002 चा शैलकुमारी निकाल आपल्याच मध्य प्रदेश वीज मंडळाविरुद्धचा आहे. मात्र तिथे अधिकरण नाही, दिवाणी दावा करावा लागतो आणि मृत्यूच्या दाव्याची मुदत दोन वर्षं. तुटलेल्या तारेचा फोटो, विद्युत निरीक्षकाचा अहवाल आणि पीएम रिपोर्ट, हे तीन कागद आधी मिळवा.

हाडांचा_डॉक्टर

त्यात एक भर. भाजल्याच्या खुणांचे फोटो तारखेसह, ड्रेसिंगच्या आधी काढलेले हवेत. महिन्याभराने त्वचा भरून येते आणि विजेचा प्रवेश-निर्गम कुठे होता ते मग दाखवता येत नाही.